टाकीतला हुंकार

गच्चीवर मुंगीला शिरायला वाव नव्हता. कठड्यावर पोरं लटकली होती, बायका सतरंज्या टाकून बसल्या होत्या आणि जिन्यात तर अशी दाटी, की वरच्याला उतरता येईना नि खालच्याला चढता येईना. सगळ्यांचे डोळे एकाच गोष्टीवर लागले होते. ती गोष्ट म्हणजे कोपऱ्यातला सोलर हीटर. तिरप्या चौकटीवर काळ्या काचेच्या नळ्यांची रांग, त्यांच्या डोक्यावर आडवी, पिंपासारखी टाकी, आणि टाकीच्या पाठीतून सरळ वर गेलेला बोटभर जाडीचा हवेचा पाइप. त्या पाइपाला फुलांचा भलाथोरला हार घातला होता.

"हे जीवात्म्या!" ऊर्जामहाराजांनी आवाज चढवला. हातातली पितळी मुठीची काठी त्यांनी टाकीतून खाली जाणाऱ्या गरम पाण्याच्या लोखंडी पाइपावर हाणली. टण्ण! "तू या घरचा कर्ता पुरुष आहेस काय?"

सगळे श्वास रोखून बसले. आणि टाकीतून आवाज आला.

"हुंऽऽऽ."

खोल, घोगरा, झोपेतल्या माणसानं द्यावा तसा. एक बाई ओरडली, कठड्यावरची पोरं धपाधप खाली उतरली. पुढे बसलेल्या सासूबाईंनी हात जोडले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

सिस्टर तेव्हा स्वतःच्याच घराच्या जिन्यात अडकली होती. खांद्याला पिशवी, अंगावर दवाखान्याचा गणवेश. ऑपरेशन थिएटरमध्ये सकाळपासून उभी राहून पायांचे तुकडे पडले होते, आणि आता घरात शिरायला लोकांना "जरा सरका हो, मी इथंच राहते" असं सांगावं लागत होतं. गल्लीत तिला सगळे सिस्टरच म्हणत. इंजेक्शन टोचून घ्यायचं असलं, पोराला ताप आला, की सिस्टरची आठवण व्हायची. पण चमत्कार पाहायचा असला की मात्र सिस्टरला कुणी विचारत नव्हतं.

अण्णा, म्हणजे तिचे सासरे, गेल्या थंडीत गेले. जन्मभर छापखान्यात खिळे जुळवलेला माणूस. तोंडानं बोलायचं काम त्यांनी दुसऱ्यांवर सोपवलं होतं. चहा हवा का? हुं. पोरीला बघायला पाहुणे येणार आहेत. हुं. घराला रंग द्यायचा? हुं. हा सोलर हीटर त्यांचा जीव की प्राण. नळ्यांवरची धूळ ते स्वतः पुसायचे, अधूनमधून खालचा कॉक उघडून टाकीतला गाळ काढायचे. ते गेले आणि हीटरला कुणी वाली उरला नाही. पाणी कोमट यायला लागलं. मग एके दिवशी कपडे वाळत घालताना सासूबाईंना टाकीतून आवाज आला. हुंऽऽ.

चार दशकं ज्या हुंकाराशी संसार केला तो बाई ओळखणार नाही तर कोण ओळखणार?

सासूबाई समोरच्या घरातल्या काकूंकडे गेल्या, आणि काकूंच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. आठवडा उलटायच्या आत काकू ऊर्जामहाराजांना घेऊन हजर. पांढरा रेशमी सदरा, काळा गॉगल, आणि मागे एक किडकिडीत, गप्प चेला. महाराजांनी हीटरभोवती फेरी मारली, टाकीला कान लावला आणि प्रवचन सुरू केलं.

"भक्तहो, याला तुम्ही काय म्हणता? सोलर! शब्द नीट ऐका. सोल! इंग्रजीत सोल म्हणजे काय?"

"बुटाचा तळ," सिस्टरचा नवरा चटकन म्हणाला. त्याचं चपलांचं दुकान होतं.

"आत्मा!" महाराज गरजले. "सोल म्हणजे आत्मा! सोल-घर ते सोलर! गोऱ्या लोकांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तसं नाव दिलं. सूर्याच्या ऊर्जेकडे आत्म्याची ऊर्जा खेचली जाते. इथं एक पुण्यात्मा उतरलाय. खबरदार, या यंत्राला कुणी हात लावाल तर! पाना लागला की त्याला जखम होईल!"

तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी गच्चीवर दरबार भरायला लागला. चेला आधी खाली न्हाणीघरात जायचा. महाराजांसाठी गरम पाण्याचा लोटा भरायचा आणि आतून कडी लावून जप करत बसायचा. वर महाराज प्रश्न विचारायचे, काठी आपटायचे. टाकीनं एकदा हुं केलं तर होकार, दोनदा केलं तर नकार.

आज काकू पुढे सरसावल्या. "महाराज, त्या ऑपरेशनचं विचारा ना. बिचारीच्या डोक्याला घोर आहे."

जिन्यात सिस्टर पुढच्यांना ढकलत वर सरकायला लागली.

सासूबाईंच्या छातीत गाठ होती. त्यांनी महिनाभर लपवलेली, आणि एकदा पाठ चोळताना सिस्टरच्या हाताला लागलेली. तिनं दुसऱ्याच दिवशी त्यांना आपल्या दवाखान्यात नेलं, तपासण्या केल्या, डॉक्टरांशी बोलून शस्त्रक्रियेची तारीख घेतली. डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, "वेळ घालवू नका."

"हे जीवात्म्या," महाराज म्हणाले, "तुझ्या अर्धांगिनीनं देहावर शस्त्र चालवून घ्यावं काय?" आणि काठी आपटली. टण्ण, टण्ण.

"हुंऽऽ." थोडी शांतता. "हुंऽऽ."

"नको म्हणतात!" काकूंनी जाहीर केलं.

"आई!" सिस्टर जिन्यातून ओरडली. "आई, असं काही ऐकू नका!" पण तिचा आवाज जयजयकारात बुडाला. महाराज सासूबाईंना सांगत होते, की या टाकीतल्या पाण्यात चिमूटभर राख घालून सकाळी उपाशीपोटी प्या, गाठ बर्फासारखी वितळेल.

त्या रात्री जेवताना सिस्टरनं समजावून पाहिलं. चिडून पाहिलं. शेवटी हात जोडले.

"आई, तुम्ही माझं ऐकू नका, पण डॉक्टरांचं तरी ऐका."

"डॉक्टर परके गं," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "ह्यांनी कधी माझं वाईट चिंतलंय का? जिवंत असताना सगळ्याला हो म्हणाले. आता पहिल्यांदा नाही म्हणाले, तर मी ते मोडू?"

सिस्टरनं नवऱ्याकडे पाहिलं. तो ताटातले भाताचे खडे निवडत होता. खडे नव्हतेच.

"तुम्ही तरी काही बोला!"

"अगं, मला पण पटत नाही. पण आवाज तर येतो ना? मी माझ्या कानांनी ऐकलाय."

"आवाज येतो म्हणजे अण्णा येतात?"

"मग काय येतं?"

याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, आणि खरा संताप त्याचाच होता. दवाखान्यात उपकरणं उकळत्या वाफेत निर्जंतुक करायचं यंत्र ती रोज हाताळायची. कुठली झडप कुठल्या आवाजाला काय सांगते ते तिला झोपेत कळत असे. आणि घरच्या टाकीपुढे मात्र ती वेडी ठरत होती.

यावर मीठ म्हणून प्लंबर. अण्णा गेल्यापासून ती त्याला फोन करत होती. तो गोड आवाजात "उद्या येतो ताई" म्हणायचा; इतक्यांदा म्हणाला, की घरात त्याचं नावच 'उद्या' पडलं होतं. ती कामावर असताना एका दुपारी हा उद्या खरोखर उगवला, हत्यारांची पेटी घेऊन. आणि सासूबाईंनी त्याला दारातूनच परत पाठवला!

"आई, इतके महिने त्याच्या विनवण्या करतेय मी!"

"महाराजांनी पाना लावू नका म्हटलंय."

सिस्टरनं भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. शस्त्रक्रियेची तारीख आली आणि निघून गेली. दवाखान्यात तिला सगळ्यांसमोर सांगावं लागलं, की पेशंट येणार नाही. पेशंट माझी सासू आहे, आणि गच्चीवरची टाकी नको म्हणतेय. हे शेवटचं ती बोलली नाही. पण बोलावं लागलं असतं तरी याहून जास्त लाज वाटली नसती.

सुट्टीच्या दिवशी सकाळी सासूबाई काकूंकडे गेल्या तशी ती फडकं आणि बादली घेऊन गच्चीवर चढली. पाना नाही तर नाही, धूळ पुसायला कुणाची परवानगी लागत नाही. नळ्यांवर पुटंच्या पुटं चढली होती. ऊन आत शिरणार कुठून? एका नळीचं चंदेरी टोक पांढरंफटक पडलं होतं. म्हणजे तिच्या दोन काचांच्या मधल्या निर्वात पोकळीत हवा शिरली, ती नळी गेली कामातून. ती रागारागानं घासत होती. घासता घासता डोक्यावर आवाज झाला.

"हुंऽऽऽ."

फडकं हातातून गळालं. कुणी प्रश्न विचारला नव्हता, काठी आपटली नव्हती, महाराज नव्हते. तरी टाकी हुं म्हणत होती, आणि थांबायचं नाव घेत नव्हती. तिनं स्वतःला सावरलं. यंत्र आवाज करतंय, तर घाबरण्याआधी बघायचं की आत्ता चालू काय आहे. इथं काय चालू होतं? काहीच नाही. खाली नवरा आंघोळीला...

ती धावत कठड्याशी गेली. न्हाणीघराची खिडकी बरोबर खाली होती.

"अहो! नळ बंद करा!"

"काय?"

"गरम पाण्याचा नळ! बंद करा!"

"अगं, तोंडाला साबण लागलाय!"

"बंद करा म्हणते ना!"

नळ बंद झाला. हुंकार हळूहळू विरला आणि थांबला.

"आता उघडा!"

"तुझं डोकं फिरलंय का?"

"उघडा हो!"

"हुंऽऽऽ."

"बंद!"

शांत.

"उघडा!"

"अगं बाई, माझे डोळे गेले!" खालून आर्त हाक आली, आणि वरून टाकीनं "हुंऽऽ" म्हणून दुजोरा दिला. कित्येक आठवड्यांनी सिस्टर मोठ्यानं हसली.

मग ती स्टूल घेऊन चढली आणि हवेच्या पाइपाच्या तोंडाला तिनं बोट लावलं. तोंड मोकळं नव्हतंच. कुंभारमाशीनं तिथं मातीचं घर बांधलं होतं, टणक, वाळलेलं, मध्ये एवढंसं भोक ठेवून. खाली नळ सोडला की ते भोक बोटाचं टोक आत ओढून घेत होतं. सगळा उलगडा झाला. साफसफाईअभावी थंड पाणी आत येणाऱ्या पाइपात क्षार साचले होते; नळ सोडला की टाकीतून पाणी जायचं भराभर आणि आत यायचं थेंबथेंब. रिकामी होणारी टाकी वरच्या पाइपातून हवा ओढायची, आणि ती हवा त्या बारक्या भोकातून शिरताना, बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तशी, घुमायची.

आणि दर रविवारी न्हाणीघरात कडी लावून जप करणारा तो चेला! लोखंडी पाइपावर वर काठी आपटली की खाली नळापाशी घंटेसारखं ऐकू जातं. एकदा टण्ण, एकदा नळ. दोनदा टण्ण, दोनदा नळ. हा होता सोल-घराचा आत्मा!

मातीचं घर तेव्हाच खरवडून काढावं असं तिच्या फार मनात आलं. पण तिनं हात आवरला. एकटीनं पाहिलेलं सत्य घरात कुणी मानणार नव्हतं. लाल डोळ्यांनी वर आलेल्या नवऱ्याला तिनं स्टुलावर चढवलं, भोकावर बोट ठेवायला लावलं आणि काय करायचं ते सांगितलं.

"आणि फसलं तर?" तो म्हणाला.

"तर तुमची आई फसेल. आणखी काय फसायचं राहिलंय?"

रविवारी चेला सवयीनं न्हाणीघराकडे वळला. दारात सिस्टर उभी.

"आत आमच्या घरातलं माणूस आहे. आज तुम्ही वर चला. तुमचा जप आम्हालाही ऐकू दे, थोडं पुण्य आमच्याही पदरात पडेल."

चेल्याचा चेहरा पडला. पण मागून गर्दी लोटत होती, तिच्याबरोबर तो वर गेला. महाराजांनी त्याला गच्चीवर पाहिलं आणि त्यांचा गॉगल नाकावरून घसरला. तरी त्यांनी प्रश्न केला, काठी उगारली. टण्ण!

काही नाही.

टण्ण! टण्ण! टण्ण!

टाकी मुकी. लोकांत कुजबुज सुरू झाली.

"इथं कुणीतरी अश्रद्ध आहे!" महाराज ओरडले. "आत्मा रुसलाय!"

"आहे ना, मीच आहे," कठड्याशी उभी असलेली सिस्टर खाली न्हाणीघरात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली आणि पुढे झाली. "रुसवा माझ्यावर असेल तर मीच काढते." आणि कुणाला काही कळायच्या आत तिनं त्यांच्या हातातली काठी घेतली. "टाकीतल्या जीवात्म्या, तू समोरच्या काकूंची हरवलेली मांजर आहेस काय?"

टण्ण.

"हुंऽऽऽ."

काकूंनी आ वासला. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"दोन आणि दोन सात होतात काय?"

टण्ण. "हुंऽऽऽ."

आता हसू पसरलं. "ऊर्जामहाराज खरं बोलतात काय?" सिस्टरनं विचारलं. टण्ण, टण्ण.

"हुंऽऽ. हुंऽऽ."

गच्ची हास्यानं दणाणली. सिस्टरही हसणार होती, तेवढ्यात तिची नजर सासूबाईंवर गेली. त्या हसत नव्हत्या. जोडलेले हात त्यांच्या मांडीवर तसेच पडले होते, जणू ते कुठे ठेवायचे हेच त्यांना समजत नव्हतं.

"पुरे!" सिस्टर ओरडली. "हसू नका कुणी. अहो, वर या!"

जिन्यातून नवरा आला, बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. "मीच होतो," तो आईकडे न बघता म्हणाला. "वर टण्ण झालं की मी नळ सोडत होतो. दर रविवारी हा चेला सोडायचा."

"तरी काय झालं?" महाराजांनी पवित्रा बदलला. "आत्म्याला माध्यम लागतं! नळ निमित्तमात्र..."

"खरंच हो," काकू लगेच म्हणाल्या, "माध्यम लागतंच."

सिस्टरला वाटलं, आता आपणच कठड्यावरून उडी मारावी. दाखवलं तरी यांना दिसत नाही! ती तडक स्टुलावर चढली, तारेनं पाइपाच्या तोंडातली माती खरवडली आणि ढेकळं सगळ्यांपुढे टाकली. एका ढेकळातून पांढरी अळी वळवळत बाहेर आली.

"हे तुमचं माध्यम! कुंभारमाशीचं घर. काकू, आता तुम्ही जा खाली, स्वतःच्या हातानं नळ सोडा. बघू आत्मा बोलतो का."

काकू गेल्या. नळाचं पाणी पडल्याचा आवाज खिडकीतून स्पष्ट आला. टाकी गप्प राहिली.

मग सिस्टर चेल्याकडे वळली. तिचा आवाज आता चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच तो जास्त बोचला. "या बाईंच्या छातीत गाठ आहे. तुझ्या हातानं त्यांचा उपचार थांबला. नळ सोडताना माहीत होतं तुला, वर काय विचारलंय ते?"

चेला मान खाली घालून उभा राहिला. "मला फक्त ठोके ऐकू येतात," तो म्हणाला. "आधी मी सोलर बसवायच्या कामाला होतो. कुठली टाकी का घुमते ते मला कळतं. महाराज म्हणाले, अशी घरं शोधून काढ. दुसऱ्या गल्लीतही एक आहे."

आता मात्र लोक उठले. कुणी शिव्या घातल्या, कुणी हार तोडला. महाराज "कलियुग, कलियुग" करत जिना उतरले ते इतक्या चपळाईनं, की त्यांच्या आत्म्यालाही त्यांना गाठता आलं नसतं.

गच्ची रिकामी झाली. सासूबाई बसल्या जागीच होत्या. सिस्टर त्यांच्याशेजारी टेकली.

"कुणाच्या तरी हाताखाली नळ होता," सासूबाई म्हणाल्या, "आणि मी त्याला घरातलं सगळं सांगत होते. तुला कळतंय का गं, मी काय काय बोलले ते?"

"कळतंय."

"माझ्या नवऱ्याला त्यांनी दुसऱ्यांदा नेलं."

सिस्टरनं त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. ती म्हणाली, "आई, अण्णांशी तुम्ही बोला. रोज बोला. त्यात काही चुकीचं नाही. पण त्यांच्या नावानं दुसरा कुणी उत्तर देऊ लागला, तर त्याचे हात कुठे आहेत ते बघायचं."

सासूबाईंनी डोळे पुसले. "डॉक्टर अजून घेतील का मला?"

डॉक्टरांनी घेतलं. पण गाठ आता वाढली होती, आणि शस्त्रक्रिया आधी ठरली होती त्यापेक्षा मोठी करावी लागली. "तेव्हाच आला असतात तर बरंच सोपं झालं असतं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते रागानं म्हटलं नाही, पण सिस्टरनं त्या रात्री उशीत तोंड खुपसून दातओठ खाल्ले. सासूबाई वाचल्या, पुढचे उपचार लांबले, केस गेले, हात वर उचलायला पुन्हा शिकावं लागलं. महाराजांविरुद्ध तक्रार द्यायला सिस्टर नवऱ्याला घेऊन पोलीस चौकीत जाऊन आली, त्या दुसऱ्या गल्लीतल्या घरीही गेली. तिथल्या लोकांनी तिला चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमची टाकी खोटी असेल, आमची खरी आहे." तीन वेळा जावं लागलं, तेव्हा कुठे त्यांनी वर चढून पाइपाचं तोंड पाहिलं.

दवाखान्यात सासूबाईंच्या शेजारच्या खाटेवर एक तरुण बाई होती. तिच्या गळ्यात ताईत होता आणि तिचा भाऊ तिला घरी न्यायला आला होता. कुणीतरी मंतरलेलं तेल देणार होतं म्हणे. सासूबाई सलाइनच्या नळीसकट उठून बसल्या. सिस्टर औषधाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, ती तिथंच थांबली.

"बाळा, इकडे ये," सासूबाई त्या भावाला म्हणाल्या. "देव मान, नको मानू, तुझं तू बघ. मी तुला तेवढं एकच सांगते. जो म्हणतो, डॉक्टरकडे जाऊ नकोस, उघडून बघू नकोस, हात लावू नकोस, प्रश्न विचारू नकोस, त्याच्यापाशी लपवण्यासारखं काहीतरी असतं. खऱ्याला तपासणीची भीती नसते. मी रडत हात जोडून बसले, आणि एकदाही उठून बघितलं नाही. त्याची किंमत बघायचीय? ही बघ." त्यांनी खांद्यावरचा पदर सरकवून पट्ट्या दाखवल्या. "आता बहिणीला घेऊन जायचंय का?"

भावानं हातातली पिशवी पुन्हा खाटेखाली सरकवली आणि स्टूल ओढून बसला.